परत न जाणारा पलंग

बघूसाहेबांचं खरं नाव काय होतं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. ऑफिसातल्या लोकांनी त्यांना बघूसाहेब केलं आणि ते नाव त्यांना असं चपखल बसलं की पुढे शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. कुठलीही वस्तू घ्यायची वेळ आली की हा गृहस्थ एकच वाक्य बोलायचा, "घेऊन तर बघू. नाही पटलं तर परत करू."

हे वाक्य त्यांना शिकवलं चौकातल्या मोठ्या दुकानाने. दुकान चार मजली. सुईपासून सोफ्यापर्यंत तिथे काय वाटेल ते मिळायचं आणि दारावर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं: वर्षभरात कधीही परत आणा, कारण विचारणार नाही. आता दुकानदार काही दानधर्माला बसलेला नव्हता. त्याला माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक होता. परत करता येतं म्हटलं की माणूस सैल हाताने घेतो, एकाच्या जागी दोन घेतो, न लागणारं घेतो, आणि घरी गेला की परत न्यायचा कंटाळा करतो. त्या कंटाळ्यावरच दुकानाचे चारही मजले उभे होते.

बघूसाहेबांना मात्र कंटाळा म्हणून काही नव्हता. त्यांच्या घरातून तीन मिक्सर येऊन गेले होते आणि चौथा भाडेकरूसारखा राहत होता. सोफ्यावरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, त्यामुळे उन्हाळ्यात कुणी पाहुणा उठला की चर्र आवाज व्हायचा आणि पाहुणा ओशाळायचा. दिव्याला किमतीची चिठ्ठी लोंबत असायची. परतीच्या काउंटरवरची मुलगी त्यांना लांबून पाहिलं की ढकलगाडी पुढे करायची. माणूस वाईट नव्हता, हे त्यांची बायको रागात असतानाही कबूल करायची. फक्त 'झालं ते झालं' हा प्रकार त्यांना सोसत नसे. लग्न ही परत न होणारी गोष्ट असल्यामुळे होकार द्यायला त्यांनी इतका वेळ लावला होता की तेवढ्यात मध्यस्थ वारला.

बायको म्हणजे थोरली. माहेरी दोघा भावंडांतली मोठी, म्हणून तिचे वडील, आप्पा, तिला थोरली म्हणायचे. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नंबराप्रमाणे काच कापून, घासून फ्रेमीत बसवायची. नवऱ्याच्या सवयीवर ती हसायची, चिडायची, आणि संसारात होतं तसं शेवटी तिला त्या सवयीची सवय झाली होती.

मग एके दिवशी धाकट्या भावाचा फोन आला. आप्पा आजवर त्याच्याकडे होते. त्याची बदली झाली होती आणि नव्या गावी कंपनीने दिलेली जागा एका खोलीची होती.

"ताई, आप्पांना सध्या तुझ्याकडे ने," तो म्हणाला. "बघ जमतंय का. नाहीच जमलं तर आणून सोड, मी करीन काहीतरी."

"आप्पांना विचारलंस का?"

"हे काय, इथेच बसलेत. ऐकतायत."

आप्पा ऐकत होते. त्यांनी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले होते. बाजारातल्या वाण्यांचे तराजू, भंगारवाल्यांचे मोठे काटे, सोनारांचे नाजूक. कुणाचं पारडं कुठे झुकतं हे कळायला त्यांना वेळ लागत नसे. ते फोनवर एवढंच म्हणाले, "येतो की. माझं काय, एक ट्रंक आणि एक वळकटी."

मागच्या खोलीत तेव्हा रिकामी खोकी होती, मुदत न संपलेल्या सगळ्या वस्तूंची. ती माळ्यावर गेली आणि नवराबायको पलंग घ्यायला चार मजली दुकानात गेले. थोरलीला दोन पलंग आवडले. एक बुटका, साधा. दुसरा उंच, सागवानी रंगाचा, ऐटबाज. आप्पा उंचीने कमी, त्यांना बुटका बरा, असं तिला वाटत होतं. पण उंच पलंगावर वडील कसे शोभतील, हेही वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात याहून मोठी धाकधूक होती. आप्पा शब्दाला शब्द देणारे, बघूसाहेब शब्दाला पावती मागणारे. या दोघांचं जमायचं कसं? विक्रेता म्हणाला, "एवढा विचार कशाला करताय बाई? वर्षभर आहे तुमच्या हातात." तशी थोरलीच म्हणाली, "घेऊ या उंचवाला. नाही जमलं तर परत करता येतोच."

असं म्हटल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. आपण पलंगाबद्दल बोललो की आणखी कशाबद्दल, हे तिने स्वतःला विचारलं नाही. हलकं वाटत असताना माणूस असले प्रश्न विचारत नाही.

आप्पा आले त्याच दिवशी पलंग आला. दुकानाच्या माणसांनी तो जोडला आणि जाताना आप्पांना बजावलं, "आजोबा, खोकं टाकू नका बरं का. वर्षभरात कधीही परत घेतो." बघूसाहेबांनी पुढचं समजावून सांगितलं: ओरखडा नसला तर बरं, खालची चिठ्ठी तेवढी फाडू नका, गादीचं प्लास्टिक राहू दिलं तर उत्तमच. ते हे सगळं मनापासून, सासऱ्यांच्या भल्यासाठी सांगत होते. आप्पांनी नीट ऐकून घेतलं. मग पलंगावर चढून कडेला बसले. त्यांचे पाय जमिनीपासून वर, शाळकरी पोरासारखे लोंबत राहिले.

"कसा आहे?" थोरलीने विचारलं.

"उत्तम," आप्पा म्हणाले आणि अलगद उतरले.

सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा पलंग होता तसाच होता, सुरकुतीसुद्धा नव्हती. आप्पा त्याच्या शेजारी, खाली, स्वतःची वळकटी पसरून झोपले होते.

"आप्पा, हे काय?"

"अगं, चांगली वस्तू आहे. उगाच मळायला नको. द्यायची झाली तर जशीच्या तशी गेली पाहिजे."

बघूसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांना सासऱ्यांबद्दल जो आदर वाटला, तो आजवर कुठल्याही नातेवाइकाबद्दल वाटला नव्हता. "समजूतदार माणूस," ते म्हणाले. थोरलीने कपाळावर हात मारला.

पुढचे काही आठवडे आप्पा त्या घरात असे राहिले की राहतात की नाही कळू नये. ट्रंकेतून एक कपडा काढायचे, धुतला की परत ट्रंकेत. दात घासायचा ब्रश मोरीत न ठेवता रुमालात गुंडाळून खोलीत न्यायचे. भिंतीला खिळा नको, कपाटात कप्पा नको, आणि काहीही विचारलं तरी उत्तर एकच: "उत्तम." जेवण उत्तम, खोली उत्तम, जावईबापू तर फारच उत्तम. धाकट्याकडे हाच माणूस पेपर आधी कोणी उघडला यावरून घर डोक्यावर घ्यायचा. वजनात गुंजभर फरक दिसला तर वाण्याची सात पिढ्यांची चौकशी करणारा हा माणूस. थोरलीला त्या 'उत्तम'ची भीती वाटायला लागली. तिला वडील हवे होते आणि घरात आला होता पाहुणा. आणि पाहुणा म्हटला की तो जायचाच.

एका रात्री जेवताना बघूसाहेब म्हणाले, "मी काय म्हणतो, आप्पा पलंग वापरतच नाहीत. मग अडवून कशाला ठेवायचा? मी दुकानात कळवलंय. रविवारी टेम्पो येतोय."

"उत्तम," आप्पा म्हणाले. "मीही तेच म्हणणार होतो. धाकट्याला मी पत्र टाकलंय, येतो म्हणून. टेम्पो येतोच आहे, तर मला आणि ट्रंकेला वाटेत स्टेशनवर उतरवतील का विचारा जरा. एका खेपेत दोन्ही कामं."

बघूसाहेबांनी विचार केला. "स्टेशन वाटेतच आहे. हरकत नसावी त्यांची. विचारतो."

थोरलीने हातातला घास ताटात परत ठेवला. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं. तो मनापासून टेम्पोचाच विचार करत होता. उंटावरचा शहाणा म्हणतात तो असा.

"आप्पा, काही चुकलं का आमचं?"

"छे छे! उलट फार नीट ठेवलंत मला."

फार नीट ठेवलंत. प्लास्टिकमधल्या सोफ्यालाही तोंड असतं तर तो हेच म्हणाला असता. थोरली उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली. रडताना तिला दुकानातलं स्वतःचं वाक्य आठवलं. नवऱ्याचं नव्हे, स्वतःचं. नाही जमलं तर परत करता येतोच.

दुसऱ्या दिवशी शनिवार. ती अर्धी रजा टाकून चार मजली दुकानात, परतीच्या काउंटरवर गेली.

"टेम्पो रद्द करायचाय."

"केला," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "पुन्हा कधी पाठवू?"

"कधीच नको. हा पलंग परत घेणार नाही, असं लिहून द्या मला."

मुलीने मान वर केली. या काउंटरवर लोक आवाज चढवायचे, रडायचे, एकदा एकाने आजीलाच आणून उभं केलं होतं. पण सगळे परत घ्या म्हणून. "तसं नाही देता येत," ती म्हणाली. "परत करायचा हक्क तुमचाच आहे."

"मला नकोय तो हक्क."

"तो काढून घ्यायची सोय नाही."

"मग तुमच्या साहेबांना बोलवा."

साहेब आले. टाय लावलेले, हसतमुख. बाईचा काहीतरी गैरसमज झालाय या खात्रीने आलेले. "आमच्या मालात काही खोट निघाली का?"

"नाही. पलंग चांगला आहे."

"मग परत करायचाय?"

"नाही! परत करायचा नाहीये. करताच येऊ नये असं पाहिजे." मग तिने जरा सबुरीने घेतलं. "समजा, त्यावर चहा सांडला."

"डाग चालतो. घेऊ आम्ही."

"चिठ्ठी फाडली तर?"

"घेऊ."

"पावती हरवली?"

"तुमचं सगळं आमच्याकडे आहे, बाई. तुमच्या मिस्टरांचं तर एक पान वेगळंच आहे."

"मोडला तर?"

"गेल्या महिन्यात कुत्र्याने खाल्लेला सोफा घेतला," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. "अर्धा होता. तरी घेतला."

जगात एवढं औदार्य असेल आणि ते असं आडवं येईल, याची थोरलीला कल्पना नव्हती. काउंटरच्या फळीवर हात टेकून ती उभी राहिली आणि तिला स्वतःचं दुकान आठवलं. तिथेही फ्रेम परत घेत. काच मात्र एकदा कापली की मालक हात जोडायचा. एका माणसाच्या डोळ्याची काच दुसऱ्याला काय कामाची?

"मापाला कापलेला माल घेता का हो तुम्ही?"

साहेबांचं हसू पहिल्यांदाच जरा कमी झालं. "तेवढं एक नाही घेत," ते खालच्या आवाजात म्हणाले, घरातली नामुष्की सांगावी तसं. "पडदे वगैरे, गिऱ्हाइकाच्या मापाने कापले तर मग नाही."

"आणि पलंग?"

"पलंग कोण कापतं, बाई?"

"करवत कितव्या मजल्यावर मिळते?"

करवत दुसऱ्या मजल्यावर मिळाली. ती बांधून देताना विक्रेता म्हणाला, "नाही आवडली तर वर्षभरात कधीही आणा." थोरलीने करवत काखेला मारली आणि सरळ जिना उतरली, आणि माझ्या मते ते बरंच केलं.

रविवारी सकाळी आप्पा आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून ट्रंकेवर बसले होते. वळकटी बांधून तयार होती. थोरली करवत आणि पट्टी घेऊन आत आली, मागोमाग बघूसाहेब.

"टेम्पो येणार नाही," ती म्हणाली. "आप्पा, पलंगावर बसा."

"अगं, पण—"

"बसा म्हणते ना."

आप्पा चढून बसले. पाय लोंबायला लागले. थोरली जमिनीवर बसली आणि तिने त्यांच्या टाचेखालपासून जमिनीपर्यंत पट्टी धरली. बापाच्या पायाला तिने लहानपणानंतर हात लावला नव्हता. टाचांना भेगा होत्या. मग तिने पट्टीवर अंगठ्याचं नख दाबून ठेवलं आणि म्हणाली, "एवढं कापायचं. चारही पाय."

बघूसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "अगं, कापला तर ते परत घेणार नाहीत!"

"माहितीये. विचारून आलेय."

"पण आप्पांना नाही आवडलं तर?"

"नाही आवडलं तर नाही आवडलं!" थोरली ओरडली. तिचा आवाज शेजारी ऐकू गेला असणार. "न आवडता राहतील! मी राहते की नाही? हे माझे वडील आहेत, मिक्सर नाहीत. त्यांना मुदत नाही. धाकटा काहीही म्हणो, तुम्ही काहीही म्हणा, आणि मीही त्या दुकानात काहीही बोलले असेन. आप्पा इथे राहणार. पटलं तरी, नाही पटलं तरी."

आप्पा पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्या पायांकडे बघत होते.

बघूसाहेब बराच वेळ उभे होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते आपल्याला ठाऊक नाही, पण लग्नाच्या वेळेपेक्षा त्यांनी खूपच कमी वेळ घेतला. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "आण इकडे," ते म्हणाले. "तुला करवत धरता येत नाही. पण एकदा कापलं की कापलं, हे लक्षात ठेव."

त्यांनाही येत नव्हती. पलंग उलटा करून, दम खात, जीभ बाहेर काढून त्यांनी चारही पाय कापले. पहिला कापला तेव्हा ते डोळे मिटून होते. पलंग सुलटा केला, आप्पांना बसवलं, आणि पलंग डुगडुगला.

"उत्तम," आप्पा म्हणाले. पण यावेळी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

बघूसाहेबांनी लांब वाटणारा पाय थोडा कापला. आता पलंग दुसऱ्या बाजूला डुगडुगला. त्यांनी तिकडचा कापला. आता तो कोनाकोनी डुगडुगायला लागला. आप्पांनी ओठ घट्ट मिटले. हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. बघूसाहेबांनी करवत तिसऱ्या पायाला लावली, तीही तिरकी.

"अरे, काय करतोस काय!" आप्पा कडाडले. "डोळे आहेत का बटणं? लांब पाय तो नव्हे, हा! सरक तिकडे. आण ती करवत. आयुष्यात कधी काही सरळ केलंयस का?"

बघूसाहेब सरकले. जावईबापूंचा एका क्षणात 'अरे' झाला होता. आप्पांनी शर्ट काढून खुंटीवर फेकला, बनियनवर खाली बसले, एक डोळा मिटून पलंगाची ओळ पाहिली आणि कापायला लागले. ते जन्मभर काट्यांना समतोल करत आले होते, त्यामुळे पलंग आता ठीक होईल, असं थोरलीला वाटलं. झाला नाही. आप्पांनी आणखी कापला. मग आणखी. दर वेळी दोष आधी करवतीचा निघाला, मग लाकडाचा, मग जावयाने कापलेल्या पायाचा, आणि शेवटी फरशीचा. "फरशीच वाकडी आहे तुमची. घर घेताना कुणी पाहिली नाही का?" बघूसाहेब पाय धरून बसले होते आणि "हो आप्पा" म्हणत होते.

दुपारपर्यंत पलंग डुगडुगायचा थांबला. तेव्हा तो जवळजवळ जमिनीलाच टेकला होता. मूळचा ऐटबाज सागवानी पलंग आता पाटापेक्षा थोडा उंच दिसत होता. आप्पा त्यावर बसले तर गुडघे छातीशी आले. त्यांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वजन टाकून पाहिलं. मग गादीवरचं प्लास्टिक दोन्ही हातांनी टराटरा फाडलं आणि आडवे झाले. भुसा लागलेल्या पायांसकट.

"बरा आहे," ते छताकडे बघत म्हणाले. "उत्तम वगैरे काही नाही. बरा आहे. आणि ऐक गं थोरले. चहात साखर घालत जा. आल्यापासून गरम पाणी पितोय. ती उशी की काय आहे, ती दगड आहे. संध्याकाळी त्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येतं, तिला जाड पडदा लाव. हा तुझा नवरा सकाळी मोरीत शिरला की बाहेरच येत नाही, त्याला सांग, घरात म्हातारं माणूस आहे. भाजीत मीठ नसतं. पेपर वाचून झाला की नीट घडी घालत नाही कुणी. आणि माझा ब्रश ठेवायला काहीतरी दे तिथे, किती दिवस रुमालात बांधून हिंडू?"

बघूसाहेब तोंड उघडून, सवयीने, उशीबद्दल काहीतरी म्हणणार होते. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं.

थोरली दाराच्या चौकटीला टेकून एकेक तक्रार ऐकत होती. यादी संपेल की काय, एवढीच तिला काळजी होती.

"आणखी काही, आप्पा?" तिने विचारलं.

"आणखी पुष्कळ आहे," आप्पा म्हणाले. "आधी चहा आण."